मागच्या पायरीवरचं ऊन

४ जून, बुधवार

फिका! सगळ्यांसमोर म्हणाली नेडीन. चर्चचं बुधवारचं जेवण, हॉल भरलेला, माझा ग्लास तिने खिडकीकडे धरला आणि — "रोंडा, हा चहा आहे की बरणी विसळलेलं पाणी?" हसले सगळे. पास्टरसुद्धा हसले, मग खोकल्याचं नाटक केलं.

मीही हसले. काय करणार!

अर्धी बरणी तशीच परत आणली. शेजारी कुणीतरी दुकानातलं लिंबूसरबत ठेवलं होतं, पावडरीचं. त्याचा थेंब उरला नाही.

आईच्या वेळेपासून या गावात उन्हातला चहा म्हणजे आमच्या घरचा. काचेची मोठी बरणी, खाली तोटी, आत चहाच्या पुड्या सोडायच्या, झाकण लावायचं आणि मागच्या पायरीवर ठेवून द्यायची. चुलीचं काम नाही. ऊन करतं सगळं. दुपारपर्यंत असा तांबूस होतो की बर्फ टाकला तरी रंग हटत नाही.

पण ऊन यायला तर हवं! आठ वाजत नाहीत तोच शेजारच्या डेल्बर्टच्या पिकॅनच्या झाडाची ती फांदी पायरीवर सावली धरून बसते. मी दवाखान्यात दाताच्या डॉक्टरांचा फोन उचलत बसलेली, इकडे बरणी गारठ्यात.

घरी आल्यावर रडू आलं. एवढ्याशा गोष्टीला. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी!

५ जून, गुरुवार

टाउन हॉलला, गावाच्या कचेरीत, फोन केला. डेल्बर्ट घरी नाही — मोतीबिंदू काढायला लेकीकडे गेलाय. तो असता तर त्यालाच सांगितलं असतं. (खोटं. त्याला सांगायला मला लाज वाटली असती. चहासाठी फांदी तोडा म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?)

फोनवरच्या मुलीला चहाचं सांगितलं नाही. म्हटलं, फांदी विजेच्या तारेवर आलीय. म्हटलं, वादळाचे दिवस आहेत, माणूस मरायचं एखादं. तारेपासून ती चांगली हातभर लांब आहे. ती म्हणाली, "नाव सांगितलं नाही तरी चालेल, मॅडम." नाही सांगितलं.

एक फांदी. तेवढीच तर मागितली.

८ जून, रविवार

डेल्बर्ट परत आला. डोळ्यांवर तो दवाखान्यातला काळा भलामोठा चष्मा, त्यावर टोपी. कारमधून उतरला तो घरात न जाता सरळ पिकॅनखाली. खुर्चीत बसून हुश्श केलं. मी कुंपणाशी गेले.

"दिसतंय का?"

"दिसतंय की! तुझ्या घराला रंग द्यायला झालाय एवढं दिसतंय."

मग म्हणाला, उन्हाकडे बघवत नाही अजून. डॉक्टरने सांगितलंय, महिना-दोन महिने सावलीत बसा. "आपल्याकडे सावलीला तोटा नाही," म्हणाला, आणि वर बघून हात जोडल्यासारखं केलं. मी कपडे वाळत घालायचे आहेत म्हणून आत आले. कपडे नव्हतेच.

१० जून, मंगळवार

आज चहाचा रंग झकास. कालही होता. उगाच केला का फोन?

१७ जून, मंगळवार

टाउन हॉलची दोन माणसं आली होती. मी कामावरून आले तेव्हा डेल्बर्टच्या अंगणात उभी. एकजण बुंध्यावर हातोडीने ठोकत होता, दुसरा कान लावून. डेल्बर्ट मध्ये उभा, काळा चष्मा घालून, दोघांकडे आलटून पालटून बघत.

शेल्बी आणि गॅरेट त्यांच्या व्हरांड्यात उभे होते. डेल्बर्टच्या पलीकडच्या घरात राहतात ही नवरा-बायको — घर डेल्बर्टचंच, भाड्याने दिलेलं. लग्न होऊन दीड वर्ष झालं असेल. तिला ऑक्टोबरात बाळ होणार. गॅरेटने हात खिशात घातले होते आणि जमिनीकडे बघत होता.

मी पडद्याआडून बघितलं सगळं. पुढे गेले नाही.

१८ जून, बुधवार

फांदी नाही. झाडच!

डेल्बर्टने कुंपणावरून सांगितलं. आत पोकळ निघालं म्हणे. "फांदीचं बघायला आले होते. एकदा तक्रार आली की पूर्ण तपासावं लागतं म्हणाले. तपासलं, आणि आता म्हणे ठेवता येत नाही." त्याचा आवाज अगदी साधा. भाजीचे भाव सांगावेत तसा.

मी म्हटलं, "अरे देवा."

तो म्हणाला, "देवाला कशाला मध्ये आणतेस? फोन देवाने नाही केला."

पोकळ तर होतंच ना! आज नाही तर उद्या पडलंच असतं. त्याच्या घरावर पडलं असतं तर? मी त्याचा जीव वाचवला असंही म्हणता येईल. म्हणून बघितलं आज दिवसभर. एकदाही पटलं नाही.

२३ जून, सोमवार

पाडलं. सकाळपासून करवतीचा आवाज. दवाखान्यात रजा मागायचं मनात होतं, त्याच्याजवळ उभं राहायला. मागितली नाही. उलट डॉक्टर जेवायला जा म्हणाले तरी गेले नाही.

घरी आले तर आभाळ! एवढं आभाळ माझ्या मागच्या अंगणावर कधी नव्हतं. पायरी झळाळत होती. पाय ठेवला तर चटका बसला.

२५ जून, बुधवार

नेडीन म्हणाली, "आत्ता कसा! ही खरी आपली रोंडा." तिने दोन ग्लास घेतले. सगळे पुन्हा पुन्हा तोटीशी. पास्टर म्हणाले, तुमच्या आईची आठवण झाली.

मला बरं वाटलं. लिहून ठेवते — मला फार बरं वाटलं. गाडीत बसेपर्यंत.

२८ जून, शनिवार

डेल्बर्टची खुर्ची होती त्याच जागी आहे. कापलेल्या बुंध्याशेजारी. वर काही नाही. एक जुनी छत्री खुर्चीच्या पाठीला दोरीने बांधलीय, ती वाऱ्याने सारखी कलते. दुपारचं सगळं ऊन आता त्याच्या भिंतीवर. आतलं एसीचं यंत्र तो लावत नाही, त्याचा आवाज त्याला सहन होत नाही — पिकॅनखाली त्याची गरजच नव्हती कधी.

मी चहाचा मोठा ग्लास भरून नेला. बर्फ, लिंबाची चकती, सगळं. त्याने अर्धा एका दमात प्यायला.

"कुणी केला असेल फोन, सांगू?" म्हणाला. "त्या पोराने. गॅरेटने."

एप्रिलच्या वादळात एक फांदी गॅरेटच्या ट्रकवर पडली होती, टपावर पोचा आला. डेल्बर्टच म्हणाला होता त्याला, लाव इथे सावलीत. "तेव्हा बोलला नाही काही. हसून 'जाऊ दे' म्हणाला. आणि मागून हे! ज्याच्या घरात राहायचं त्याच्या झाडावर!"

मी उभी होते. एवढंच म्हणायचं होतं — मी केला.

म्हटलं, "असेल."

असेल! हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला. माझ्याच.

२ जुलै, बुधवार

चर्चला गेले नाही. डोकं दुखतं असं कळवलं.

५ जुलै, शनिवार

काल चार जुलै, स्वातंत्र्यदिन. दरवर्षी डेल्बर्ट रस्त्यावर खुर्ची टाकतो, सगळ्या गल्लीतल्या पोरांना फुलबाज्या वाटतो, गेल्या वर्षी गॅरेटच्या हाताने मोठा बाण उडवला होता दोघांनी मिळून आणि दोघं शाळकरी पोरांसारखे पळाले होते. काल पडदे ओढून आत. गॅरेट सॉसेज भाजून ताट घेऊन गेला तर दार उघडलं नाही.

आज शेल्बी माझ्याकडे आली. पोट आता दिसायला लागलंय, एक हात कमरेवर. "मिस रोंडा, आमचं काही चुकलं का हो? तुमच्याशी बोलतात ते. आम्ही दिसलो की आत जातात."

"उन्हाने चिडचिड होते म्हाताऱ्या माणसाची," म्हटलं मी. आणि चहा दिला. दुसरं काय आहे माझ्याकडे? ज्याचं वाईट करते त्याला चहा देते!

ती म्हणाली, "किती छान झालाय हो." मी खाली मान घालून लिंबू कापत राहिले.

९ जुलै, बुधवार

आजचं कसं लिहू.

रोजच्यासारखा ग्लास घेऊन गेले. डेल्बर्टचा चष्मा गेलाय पण डोळे अजून लालच. ग्लास धरून बसला, आणि सहज, अगदी सहज म्हणाला —

"एक बरं झालं बघ. आता सकाळी उठून तुझी बरणी हलवायला नको."

"कसली बरणी हलवायला?"

"तुझीच. तू कामाला गेलीस की पायरीवर सावली यायची. मग मी ती उचलून तुझ्या तळघराच्या छपरावर ठेवायचो. तिथे ऊन असतं सकाळभर."

आमच्या अंगणात वादळात लपायचं तळघर आहे, सगळ्यांकडे असतं तसं. सिमेंटचं बसकं छप्पर, अंगणाच्या मधोमध. पायरीपासून चार पावलांवर.

"आणि मग परत?"

"तू यायच्या आधी परत पायरीवर. तू तिथे ठेवतेस, तर तिथेच दिसायला हवी ना! नाहीतर तू म्हणणार, कुणी हात लावला माझ्या बरणीला. तुझी आई होतीच तशी, तिच्या बरणीला हात लावलेला खपायचा नाही." हसला. "किती वर्षं झाली, तुझी आई असताना पण गुपचूप करायचो. दवाखान्यात होतो त्या आठवड्यात तेवढं राहिलं. तेव्हा झाला का गं फिका?"

मी म्हटलं, आठवत नाही.

११ जुलै, शुक्रवार

चार पावलं! ती बरणी मला स्वतःला नेता आली नसती? पण नाही. आई पायरीवर ठेवायची म्हणून पायरीवरच. सूर्याने माझ्याकडे यावं, झाडाने सरकावं, मी मात्र हलणार नाही.

१४ जुलै, सोमवार

आज बरणी तळघरावर ठेवली. कुणाला दाखवायला, काय माहीत. काहीच फरक नाही आता. अंगणात सगळीकडे सारखंच ऊन.

२० जुलै, रविवार

चर्चमधून नेडीनकडे जेवायला गेले ते बरणीचं विसरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात राहिली. तोटी उघडली तर चहाला तार! भेंडी चिरल्यावर चाकूला येते तशी, लांबच लांब. वास आंबूस. ओतून दिला. तोटीसुद्धा काढून उकळत्या पाण्यात घातली. आई म्हणायची, जास्त ऊनही बरं नाही, तीन-चार तास पुरे. मला काय, जितकं मिळेल तितकं हवं होतं.

डेल्बर्टला आज चहा नाही म्हणून सांगायला गेले तर तो म्हणाला, "हरकत नाही. तू आलीस ना. या गल्लीत आता तू एकटीच माझ्याशी सरळ आहेस."

मला तिथेच, त्याच्या अंगणात, बसावंसं वाटलं. जमिनीवर.

२७ जुलै, रविवार

तो त्यांना काढणार आहे. घरातून!

"सप्टेंबरपासून दुसरीकडे बघा म्हणून सांगणार आहे. ऑगस्टमध्ये कागद संपतो त्यांचा. नवा करणार नाही."

"डेल्बर्ट, तिला बाळ होणार आहे."

"मग? मी का नको म्हणतोय बाळाला?" मग म्हणाला, "मला रोज सकाळी चहा पिताना त्यांचा व्हरांडा दिसतो गं. बघवत नाही. ट्रकचं म्हणाला असता तर मी पैसे दिले असते. तोंडावर म्हणायचं! मागून फोन करणारा माणूस मला शेजारी नको."

मागून फोन करणारा माणूस त्याच्यासमोर ग्लास घेऊन उभा होता.

२९ जुलै, मंगळवार

गेले. डेल्बर्टच्या दारापर्यंत. परत आले.

३० जुलै, बुधवार

शेल्बीकडे पुठ्ठ्याचे खोके आलेत. व्हरांड्यात रचलेत. तिच्याशी डेल्बर्ट अजून बोललेला नाही, कुणीतरी सांगितलंय वाटतं, किंवा लोकांना कळतंच. गावात आत्ता भाड्याने घर कुठे आहे? गॅरेटची गिरणीतली नोकरी इथली, लांब जाऊन राहायचं म्हटलं तर रोज ये-जा कशी करणार?

मी तिला म्हटलं, मदत लागली तर सांग. ती म्हणाली, "तुम्ही त्यांच्याशी बोलाल का आमच्यासाठी? तुमचं ऐकतात ते." डोळे भरलेले. "आम्ही खूप सांभाळून राहिलो हो, मिस रोंडा. भिंतीला खिळासुद्धा विचारून ठोकला."

बोलते म्हटलं.

आज चर्चला चहा नेला नाही. नेडीन म्हणाली, "काय गं, बुधवारी चहा नाही म्हणजे काय?" मी तिच्यावर एवढी ओरडले की ती हातातलं मक्याच्या ब्रेडचं ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर गेली. तिला काय ओरडायचं! तिने तर फक्त रंग बघितला.

३ ऑगस्ट, रविवार

प्रार्थनेत डोळे मिटून ठरवलं, आज सांगायचं. डेल्बर्ट दोन बाकं पुढे. त्याच्या मानेवर उन्हाने कातडं सोललंय. टोपीच्या खाली, अगदी लालभडक. सगळी प्रार्थना मी तेवढंच बघत बसले. बाहेर पडले तर त्याच्याभोवती माणसं. माणसांसमोर कसं सांगणार, असं मनात आलं आणि हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची जास्त लाज.

५ ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं.

ग्लास भरून नेला. का नेला? रिकाम्या हाताने जाता आलं नाही. तो छत्रीखाली बसला होता. ग्लास हातात दिला, त्याने एक घोट घेतला आणि "आज मस्त झालाय" म्हणाला, आणि मी म्हटलं —

"टाउन हॉलला फोन मी केला होता. गॅरेटने नाही."

तो बघत राहिला. मला वाटलं ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं. मग सगळंच सांगितलं — नेडीन, फिका चहा, तारेवर आल्याचं खोटं, फांदी एवढीच मागितली होती ते, सगळं. बोलता बोलता मलाच ऐकू येत होतं ते काय आहे. एका बाईच्या बरणीवर सावली पडत होती. बस. एवढंच आहे ते!

त्याने विचारलं, "चहासाठी?"

"हो."

"मला सांगितलं असतंस तर मी स्वतः कापली असती ती फांदी."

"माहीत आहे."

"नाही, तुला नव्हतं माहीत," तो म्हणाला. रागाने नाही. थकून.

मग तो उठला. ग्लासमधला चहा गवतावर ओतला, हळूहळू, शिंतोडे न उडवता. लिंबाची चकती उचलून बाजूला टाकली. नळाच्या पाइपखाली ग्लास धुतला. झटकला. माझ्या हातात दिला.

"घेऊन जा," म्हणाला. "आणि परत आणू नकोस."

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज शेल्बीच्या व्हरांड्यातले खोके गेले. डेल्बर्ट काल तिकडे गेला होता, दारात उभा राहून बराच वेळ बोलत होता, टोपी हातात. गॅरेट डोकं हलवत होता, नाही नाही म्हणत. मग डेल्बर्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. कुणाच्या आड उभं राहायचं आता? पडदा ओढला नाही. त्याने मला बघितलं आणि नजर फिरवली.

मी त्याचं घर त्यांना परत मिळवून दिलं. असं लिहावंसं वाटलं. मी काही दिलं नाही, मी घेतलं होतं ते परत जागेवर ठेवलं.

तरी झोप लागली. बऱ्याच दिवसांनी.

१३ ऑगस्ट, बुधवार

गावभर झालंय. नेडीनने ताटात कोशिंबीर वाढताना म्हटलं, "रोंडा, माझ्या एका शब्दावर तू झाड पाडलंस?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिलाही लागलं म्हणजे. मी म्हटलं, "तुझ्या नाही. माझ्या." ती बाजूला बसली माझ्या, दुसरं कुणी बसलं नाही. पास्टरांनी दुकानातला बाटलीतला चहा आणला होता. गोड मिट्ट. सगळ्यांनी मुकाट्याने प्यायला.

१६ ऑगस्ट, शनिवार

डेल्बर्ट आता दुपारी शेल्बीच्या व्हरांड्यात बसतो. त्यांचा व्हरांडा पूर्वेला तोंड करून आहे, दुपारी तिथे घराचीच सावली. गॅरेटने त्याची खुर्ची स्वतः उचलून नेली. शेल्बी त्याच्या पायाशी बसून बाळाचे छोटे छोटे कपडे घड्या करते. आज ते तिघं कशावरून तरी हसत होते, मोठ्याने. मला ऐकू आलं. ऐकत राहिले.

कुंपणापर्यंत गेले होते आज. "डेल्बर्ट" म्हणून हाक मारली. त्याने ऐकलं, मान वळवली, आणि परत तिकडे वळवली. चिडून नाही. ओळख नसल्यासारखी. ते चिडण्यापेक्षा वाईट.

बरणी माळ्यावर टाकली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शेल्बी आली होती. मागच्या दाराने. आत ये म्हटलं तर येईना, पायरीवरच बसली आणि रडायला लागली. मला वाटलं बाळाचं काही. "मिस रोंडा, आम्ही पण केला होता," म्हणाली. "फोन. एप्रिलमध्ये. ट्रकवर पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मीच केला, मला भीती वाटली. गॅरेटला जेवण जात नाहीये. आज सांगून टाकू का त्यांना?"

आधी मला हसू आलं. मग इतका राग आला की तिला पायरीवरून उठवावंसं वाटलं. एवढे दिवस मी एकटी जळतेय! तिच्यामागे, त्यांच्या व्हरांड्यात, सावलीत डेल्बर्ट खुर्चीत डुलकी काढत होता. टोपी पोटावर. मानेवरचं कातडं बरं होत आलंय.

"खबरदार!" म्हटलं मी. "त्याला नको, कुणालाच नको. डोळे पूस, घरी जा, तो उठेल आता."

गेली ती. त्याला वाटू दे, फोन करणारी एकटी मीच.